चरबीपेशी बहिरी होते म्हणजे नक्की काय होतं?

तेजश्री_क

परवा इथल्याच वजनावरच्या एका धाग्यात वाक्य वाचलं, "चरबी म्हणजे कोठार. जास्त आलं की भरतं, कमी आलं की रिकामं होतं, यात समजून घेण्यासारखं आहे काय?" तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझी नऊ वर्षं माणसाच्या चरबीपेशींबरोबर प्रयोगशाळेत गेली. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या संमतीने काढलेला चरबीचा तुकडा आमच्याकडे यायचा. अंगठ्याच्या पेराएवढा, पिवळाधमक. तो कात्रीने बारीक करायचा आणि कोलॅजिनेज नावाच्या एन्झाइममध्ये ३७ अंशांवर हलवत ठेवायचा. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे तंतू त्यात विरघळतात. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवली की बाकीच्या पेशी तळाशी बसतात आणि चरबीपेशी तेलाने भरलेल्या असल्यामुळे वर तरंगतात.

ही रीत मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये उंदरांच्या चरबीवर बसवली. याच तरंगत्या पेशींवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळी हार्मोन्स वेगवेगळ्या दारांशी येतात, पण आतलं यंत्र एकच हलवतात. म्हणजे दार आणि यंत्र यांच्यामध्ये कोणीतरी निरोप्या असला पाहिजे. त्या निरोप्याला आज जी-प्रोटीन म्हणतात. १९९४ चं नोबेल त्यांना आल्फ्रेड गिलमन यांच्यासोबत त्यासाठीच मिळालं. पेशी बाहेरचा निरोप आत कसा नेते हे आपल्याला कळलं, त्यात या पेशीचा असा मोठा वाटा आहे.

बारीक माणसाचा नमुना आणि लठ्ठ माणसाचा नमुना यातला फरक नळी हातात घेतल्याबरोबर कळायचा. लठ्ठ माणसाच्या पेशी मोठ्या आणि नाजूक. पिपेटचं टोक कापून तोंड रुंद करून घ्यायचो, काचेऐवजी प्लास्टिकची भांडी वापरायचो, तरी काही फुटायच्याच, आणि सगळ्यात वर मोकळ्या तेलाचा थर जमायचा. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशी म्हणजे एक तेलाचा थेंब, त्याभोवती बाकी सगळ्या पेशीद्रव्याची पातळ कड, आणि केंद्रक कडेला चेपून बसलेलं. व्यास दुप्पट झाला तर आकारमान आठपट होतं. शंभर मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडे गेलेल्या पेशीपर्यंत रक्तवाहिनीतून प्राणवायू पोचणंही जड जातं.

आता मुद्दा. या पेशीच्या आवरणावर रिसेप्टर असतात, म्हणजे हार्मोनचा निरोप ऐकणारे कान. तिच्यासाठी दोन हुकूम महत्त्वाचे. इन्सुलिन सांगतं, "साठव, आणि साठ्यातलं बाहेर सोडू नकोस." अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन सांगतात, "सोड, शरीराला हवंय." लठ्ठपणात हे दोन्ही हुकूम नीट ऐकू येईनासे होतात. इन्सुलिनचं "सोडू नकोस" पुरतं पोचत नाही, त्यामुळे साठ्यातलं तेल फुटून सुटणारी मेदाम्लं दिवसभर थोडी थोडी रक्तात झिरपत राहतात. आणि व्यायामाच्या वेळी खरोखर गरज पडते तेव्हा अ‍ॅड्रेनलिनच्या "सोड"लाही पेशी पुरेशी दाद देत नाही. नळ गळका, पण उघडला तर धार येत नाही, अशी अवस्था.

ही पेशी बोलतेही. लेप्टिन सोडून ती मेंदूला साठा किती आहे ते कळवते. अ‍ॅडिपोनेक्टिन सोडून यकृत आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला मदत करते. पेशी फुगत गेली की लेप्टिन वाढतं आणि अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं. ही दुसरी गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा विचित्र वाटली होती. चरबी वाढली तर चरबीतून येणारं सगळंच वाढायला हवं ना? पण तिच्यातूनच येणारं, उपयोगाचं हार्मोन कमी होतं.

माझं म्हणणं एवढंच, की लठ्ठपणात हार्मोन "बिघडतं" असं आपण ढोबळपणे म्हणतो, पण बहुतेक वेळा हार्मोन असतं, उलट जास्तच असतं. बिघडतं ते ऐकणं. आणि ऐकणं सगळीकडे सारखं बिघडत नाही. काही निरोप अडतात, काही तसेच आत जातात. त्यामुळे रक्तातल्या हार्मोनच्या एकट्या आकड्यावरून ऐकणं कुठे आणि किती बिघडलंय ते पुरतं कळत नाही. प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन.

मनवा

वाचतेय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

उमेश_द

तेजश्रीताई, फार दिवसांनी कोणीतरी आकड्यांच्या मागचं सांगतंय. माझा रिपोर्ट असा आहे: उपाशीपोटी साखर मर्यादेत, पण उपाशीपोटीचं इन्सुलिन बरंच वर. ज्यांना दाखवलं त्यांनी कागद उलटून "साखर नॉर्मल आहे, वजन कमी करा" एवढं म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. इन्सुलिनचा आकडा कशासाठी काढला हेही कळलं नाही. आता तुम्ही म्हणता कान बहिरे होतात. म्हणजे रिसेप्टरची संख्या कमी होते, की रिसेप्टर असतात पण आतली तार तुटलेली असते?

तेजश्री_क

उमेश, नेमका प्रश्न विचारलात. याच प्रश्नावर १९७० च्या दशकात बरंच काम झालं. उत्तर असं की आधी पहिलं, मग दुसरंही.

आम्ही पेशींना इन्सुलिनचे वाढते डोस द्यायचो आणि त्या ग्लुकोज किती आत घेतात ते मोजायचो. निरोगी पेशीत कमाल काम व्हायला सगळ्या रिसेप्टरवर इन्सुलिन बसावं लागत नाही. थोड्याच रिसेप्टरवर बसलं तरी पुरतं, बाकीचे राखीव असतात. म्हणून संख्या नुसती घटली तर पेशीची कमाल ताकद तशीच राहते, फक्त तिथपर्यंत पोचायला जास्त इन्सुलिन लागतं. आलेखाची रेघ उजवीकडे सरकते, माथा तेवढाच राहतो. सौम्य लठ्ठपणात बऱ्याच जणांचं असंच दिसतं. तुमच्या रिपोर्टमध्ये इन्सुलिन वर आणि साखर जागेवर आहे, त्याचाही असाच अर्थ लागू शकतो: शरीर आवाज चढवून काम करून घेतंय. नक्की काय ते तुमच्या डॉक्टरांनीच बाकीच्या तपासण्यांसोबत पाहायला हवं.

संख्या का घटते? इन्सुलिन सतत जास्त असलं की पेशी इन्सुलिन बसलेले रिसेप्टर आत ओढून घेते आणि त्यातले काही मोडून टाकते. सतत कोणी कानाशी ओरडत राहिलं तर आपण कानावर हात ठेवतो, तसं. मग कमी ऐकू येतं म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे आणखी रिसेप्टर आत जातात. हे चक्र थांबवायचं तर ते कुठेतरी तोडावं लागतं.

लठ्ठपणा वाढला, मधुमेहाकडे वाट सरकली, की आलेखाचा माथाही खाली येतो. आता कितीही इन्सुलिन ओता, पालथ्या घड्यावर पाणी. कारण बिघाड रिसेप्टरच्या आत गेलेला असतो. रिसेप्टरला इन्सुलिन चिकटलं की तो आतल्या आयआरएस-१ या प्रोटीनवर एका ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवतो, आणि त्या खुणेवरून निरोप पुढे सरकतो. शेवटी ग्लुट-४ नावाची, ग्लुकोज आत घेणारी दारं पेशीच्या पोटातून आवरणावर येतात. लठ्ठपणात आयआरएस-१ वर भलत्याच जागी फॉस्फेट बसतात आणि निरोप तिथेच अडखळतो. शिवाय चरबीपेशीत ग्लुट-४ चं प्रमाणच कमी होतं. स्नायूंमध्ये तसं होत नाही. तिथे दारं तेवढीच असतात, पण वर यायला मागत नाहीत. एकाच आजारात दोन ऊतींत दोन वेगळे बिघाड, हे मला अजूनही विचारात टाकतं.

गणिती

माहिती चांगली आहे, पण मूळ मुद्दा सुटतोय असं वाटतं. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम कोणी मोडू शकत नाही. आत गेलेली ऊर्जा वजा खर्च झालेली ऊर्जा म्हणजे साठा. रिसेप्टर, हार्मोन वगैरे तपशील झाला. दुसरं म्हणजे जेवणानंतरच्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायू उचलतात. चरबी त्यातलं फारच थोडं घेते. मग तिने ऐकलं काय आणि नाही ऐकलं काय?

रुग्णसखा

मी रोज मधुमेहाचे रुग्ण बघतो, म्हणून यावर लिहितो.

गणिती यांचा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरोखर चांगला आहे. बरोबर, ग्लुकोज प्रामुख्याने स्नायूच उचलतात. आणि म्हणूनच २००१ मध्ये आलेला एक प्रयोग सगळ्यांना चकित करून गेला. बार्बरा कान यांच्या गटाने असे उंदीर तयार केले ज्यांच्या फक्त चरबीपेशींतून ग्लुट-४ काढून टाकलं होतं. स्नायूंतलं जागेवर होतं. हिशोबाने त्या उंदरांना फारसा फरक पडायला नको होता. पण त्यांचे स्नायू आणि यकृत दोन्ही इन्सुलिनला जुमानेनासे झाले. म्हणजे चरबी बहिरी झाली की शेजारीही बहिरे होतात. चरबीपेशीने ग्लुकोज स्वतः किती उचललं यापेक्षा तिने बाकीच्यांना काय कळवलं, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

आता पहिला मुद्दा. ऊर्जेचा नियम कोणी मोडत नाही, मीही रुग्णांना दुसरं काही सांगत नाही. पण वजाबाकी बरोबर असली तरी वजाबाकीतले दोन्ही आकडे कोण ठरवतं? भूक किती लागेल हे लेप्टिनसकट अनेक संदेश ठरवतात. वजन उतरलं की शरीर खर्चही आवरतं घेतं. आणि एकाच वजनाच्या दोन माणसांपैकी एकाच्या यकृतात चरबी का साचते आणि दुसऱ्याच्या का नाही, हे वजाबाकीतून कधीच कळणार नाही. ज्यांना जन्मतः किंवा पुढे चरबीची ऊतीच नीट नसते, त्या लायपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांचं उदाहरण घ्या. अंगावर चरबी जवळजवळ नाही, आणि तरीही प्रचंड इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिनला दाद न देणं), यकृतात चरबी, मधुमेह. जागा नसल्यामुळे मेद नको तिथे जाऊन बसतो. लठ्ठपणातही शेवटी हेच होतं. कोठार असतं, पण भरून वाहत असतं.

गणिती

लायपोडिस्ट्रॉफीचं माहीत नव्हतं. हे उदाहरण पटलं. "तपशील झाला" हे शब्द मागे घेतो.

पेशीवेडा

धागा उत्तम चाललाय. एक दुरुस्ती आणि एक भर.

भर आधी. आयआरएस-१ वर भलत्या जागी फॉस्फेट कोण बसवतं? १९९३ मध्ये होतामिसलिगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-आल्फा तयार होतं. हा तर संसर्गाच्या वेळी सोडला जाणारा, दाह वाढवणारा संदेश. तो चरबीत कशाला? पुढे २००३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की लठ्ठपणात चरबीच्या ऊतीत मॅक्रोफेज, म्हणजे भक्षकपेशी, मोठ्या संख्येने शिरतात. मेलेल्या चरबीपेशीभोवती त्या कडं करून बसतात आणि उरलेलं तेल साफ करत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा मुकुटासारखा घेर एकदा पाहिला की विसरता येत नाही. टीएनएफ-आल्फाचा मुख्य उगम या पेशी आहेत, आणि भलत्या जागी फॉस्फेट बसतात ते त्याच्यामुळे.

आता दुरुस्ती. यावरून "दाह थांबवला की सगळं सुटेल" असं लोक म्हणू लागले, ते माणसांत तितकं सरळ निघालं नाही. १९९६ मध्ये लठ्ठ मधुमेही रुग्णांना टीएनएफ-आल्फाविरुद्धची प्रतिद्रव्यं देऊन पाहिली, इन्सुलिनच्या परिणामात फरक पडला नाही. शिवाय ऊतीला निरोगीपणे वाढायलाही थोडा दाह लागतो. उंदराच्या चरबीवरून माणसाच्या चरबीबद्दल बोलताना सगळ्यांनीच जपून असावं. तेजश्री_क यांनी माणसाच्या पेशींवर काम केलंय, त्यामुळे अ‍ॅड्रेनलिनच्या बाजूबद्दल त्यांनीच लिहावं. उंदरांत आणि माणसांत सगळ्यात मोठा फरक तिथेच आहे.

तेजश्री_क

दुरुस्ती एकदम मान्य. आणि अ‍ॅड्रेनलिनबद्दल लिहायला मला आवडेल, कारण माझ्या कामातला सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

माणसाच्या चरबीपेशीवर अ‍ॅड्रेनलिनसाठी दोन प्रकारचे रिसेप्टर असतात आणि ते एकमेकांच्या उलट काम करतात. बीटा प्रकारचे म्हणतात "सोड", आल्फा-२ म्हणतात "थांब". हार्मोन तेच, पेशी तीच. बीटावर अ‍ॅड्रेनलिन बसलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप पुढे नेणारा रेणू वाढतो, थेंबाभोवतीचं पेरिलिपिनचं कवच सैल होतं आणि लायपेज एन्झाइमं तेल फोडू लागतात. आल्फा-२ वर बसलं की सायक्लिक एएमपी खाली जातं आणि काम थंडावतं. प्रत्यक्षात किती मेदाम्ल सुटेल ते दोघांच्या ओढाताणीवर ठरतं. उंदरांत आल्फा-२ चा भाग नगण्य आहे. माणसात तो इतका जोरकस आहे की त्याच्याशिवाय काही समजतच नाही.

बायकांच्या मांड्या आणि नितंबांवरच्या चरबीत आल्फा-२ चं पारडं जड असतं, म्हणून ती हटता हटत नाही. अमुक व्यायामाने अमुक जागेची चरबी जाईल, हे का होत नाही याचं एक कारण हेच. अ‍ॅड्रेनलिन रक्तातून सगळीकडे सारखंच जातं, कोणती चरबी किती ऐकेल ते तिथले रिसेप्टर ठरवतात. आणि हटत नाही म्हणून मांडीवरच्या चरबीला शत्रू समजू नका. ती मेद धरून ठेवते, यकृताकडे जाऊ देत नाही.

लठ्ठपणात, विशेषतः पोटावर वजन साठतं तेव्हा, पोटाच्या त्वचेखालच्या पेशींत बीटा-२ रिसेप्टर कमी झालेले दिसतात. मग ओढाताणीत "थांब" जिंकतं. आम्ही पेशींना अ‍ॅड्रेनलिनसारखं औषध द्यायचो आणि सुटलेलं ग्लिसरॉल मोजायचो. तेल फुटलं की ग्लिसरॉल बाहेर येतं, त्यामुळे तो खात्रीचा पुरावा. लठ्ठ माणसाच्या नमुन्यात काहीच न देता ठेवलेल्या नळीत ग्लिसरॉल आधीच जास्त असायचं, आणि औषध दिल्यावर मात्र हवं तेवढं वाढायचं नाही. मी सुरुवातीला गळका नळ म्हणाले ते हेच. पहिल्यांदा वाटलं नळ्यांवरची लेबलं उलटी लागली. प्रयोग परत केला, तेच आलं.

आतड्यांभोवतीची चरबी याच्या उलट वागते. ती अ‍ॅड्रेनलिनचं चटकन ऐकते आणि इन्सुलिनचं "सोडू नकोस" मनावर घेत नाही. तिथलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, त्यामुळे सुटलेली मेदाम्लं पहिल्यांदा यकृतालाच भेटतात. कमरेचा घेर मोजण्याला अर्थ आहे तो यामुळे.

आणखी एक. हृदय ताणलं गेलं की एएनपी नावाचं हार्मोन सोडतं. तेही माणसाच्या चरबीपेशीला तेल सोडायला लावतं, सायक्लिक एएमपीच्या ऐवजी सायक्लिक जीएमपीच्या वाटेने. हे तुलूझच्या गटाने २००० मध्ये दाखवलं. याचेही दोन रिसेप्टर: एक निरोप आत नेतो, दुसरा हार्मोनलाच गिळून संपवतो. लठ्ठपणात गिळणारा वाढतो. दुष्काळात तेरावा महिना.

मनवा

एकच हार्मोन आणि दोन उलटे हुकूम, हे वाचून थांबले. मी इतके दिवस समजत होते की हार्मोन म्हणजेच हुकूम. खरा हुकूम रिसेप्टरमध्ये असतो तर! लेप्टिनबद्दल विचारायचं होतं. लठ्ठ माणसात ते आधीच जास्त असतं म्हणता, मग त्याची इंजेक्शनं कधी कोणाला दिली होती का?

रुग्णसखा

दिली होती, आणि एकदा अक्षरशः चमत्कार झाला.

लेप्टिनचं जनुक १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं. नाव ग्रीक शब्दावरून, अर्थ बारीक. सगळ्यांना वाटलं लठ्ठपणावर औषध सापडलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांबद्दल लिहिलं. मुलं अतिशय लठ्ठ, सतत भुकेली, आणि रक्तात लेप्टिन जवळजवळ नाहीच, कारण जनुकातच बिघाड. त्यातली मुलगी नऊ वर्षांची असताना तिचं वजन ९४ किलो होतं. तिला रोज लेप्टिन दिलं. वर्षभरात १६ किलो वजन उतरलं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते मूल इतर मुलांसारखं जेवू लागलं. तिचे कान शाबूत होते, निरोपच येत नव्हता.

बाकी जवळजवळ सगळ्या लठ्ठ माणसांचं उलट आहे. १९९९ च्या चाचणीत त्यांना लेप्टिन दिलं तेव्हा परिणाम फारच तुटपुंजा निघाला. आधीच दवंडी पिटली जात होती, आणखी एक ढोल वाढवून काय होणार? मेंदूतल्या पेशींत एसओसीएस-३ नावाचं प्रोटीन वाढतं आणि लेप्टिनच्या रिसेप्टरचा निरोप आतच दाबून टाकतं, हे त्याचं एक कारण. लायपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांत मात्र, जिथे चरबीच नाही म्हणून लेप्टिन नाही, तिथे ते औषध म्हणून उपयोगी पडतं. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

केवडा_२१

नमस्कार. मी बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहितेय. मला पीसीओएस (बीजकोशांशी निगडित, पुरुषी हार्मोन वाढणारा विकार) आहे. त्याचा चरबीपेशींशी काही संबंध आहे का? आणि हल्ली वजन उतरवणाऱ्या ज्या साप्ताहिक इंजेक्शनांबद्दल सगळे बोलतात ती चरबीपेशीच्या रिसेप्टरवर काम करतात का?

तेजश्री_क

संबंध आहे. चरबीची ऊती हार्मोन नुसती ऐकत नाही, बदलतेही. तिच्यातलं अरोमाटेज एन्झाइम पुरुषी हार्मोनांचं इस्ट्रोजेन करतं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचा मुख्य उगम तोच. दुसरं एक एन्झाइम निष्क्रिय कॉर्टिसोनचं कॉर्टिसॉल करतं, आणि लठ्ठपणात त्वचेखालच्या चरबीत त्याचं काम वाढतं, म्हणजे रक्तात कॉर्टिसॉल मर्यादेत असतानाही चरबीच्या आत ते जास्त असू शकतं. पीसीओएससाठी महत्त्वाचं तिसरं: एकेआर१सी३. हे बायकांच्या चरबीतच टेस्टोस्टेरॉन तयार करतं आणि इन्सुलिन वाढलं की तेही वाढतं. साखरेच्या कामात पेशी इन्सुलिनला दाद देत नाही, पण या कामात देते. सुरुवातीला "काही निरोप अडतात, काही तसेच आत जातात" म्हटलं होतं, त्याचं हे उदाहरण.

इंजेक्शनांबद्दल थोडक्यात: सेमाग्लुटाइड ज्या जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनच्या रिसेप्टरवर बसतं तो माणसाच्या चरबीपेशीवर जवळजवळ नसतो. वजन उतरतं ते मुख्यतः मेंदूतून, भूक कमी होऊन. टिर्झेपॅटाइड जीआयपी या आतड्यातल्याच दुसऱ्या हार्मोनच्या रिसेप्टरवरही बसतं आणि तो चरबीपेशीवर असतो. तुमच्यासाठी काय योग्य ते तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

पारिजात

मी चार वर्षांपूर्वी वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली. ४१ किलो उतरले. दोन वर्षं टिकले आणि मग हळूहळू त्यातले १५ परत आले. तपासणीला गेले तेव्हा तिथे मला सर्वांदेखत ऐकवलं गेलं, "शस्त्रक्रिया करून दिली तरी तोंड आवरता येत नाही." मी पुन्हा तिकडे गेले नाही. हा धागा मी काल रात्री दोनदा वाचला. मला एकच विचारायचं आहे: वजन उतरल्यावर त्या पेशी पुन्हा ऐकायला लागतात का? की एकदा बहिऱ्या झाल्या की झाल्या?

रुग्णसखा

पारिजात, जे तुम्हाला ऐकवलं गेलं ते चूक होतं. माणूस म्हणूनही आणि वैद्यकशास्त्र म्हणूनही. तपासणी मात्र सोडू नका. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वं आणि लोह बघत राहावं लागतं. दुसरीकडे जा, पण जा.

तेजश्री_क

पारिजात, तुमचं लिहिणं वाचून उत्तर द्यायला एक दिवस घेतला, कारण अर्धवट दिलासा द्यायचा नव्हता.

बरंचसं परत येतं. वजन उतरलं की पेशी लहान होतात, रक्तातलं इन्सुलिन उतरतं, इन्सुलिन रिसेप्टरची संख्या सावरते, अ‍ॅडिपोनेक्टिन वाढतं, अ‍ॅड्रेनलिनलाही पेशी पुन्हा दाद देऊ लागते. तुमचे जे २६ किलो अजून उतरलेलेच आहेत, त्यांच्यामुळे हे सगळं तुमच्या शरीरात घडलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

पण सगळं परत येत नाही. २००८ मध्ये किर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी चरबीपेशींचं वय मोजलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता आणि नंतर वर्षागणिक घटत गेला. पेशी जन्मली त्या वर्षीचा कार्बन तिच्या डीएनएत कायमचा बंद होतो, म्हणून डीएनएवरून जन्मवर्ष कळतं. त्यातून दिसलं की दरवर्षी सुमारे १० टक्के चरबीपेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. मोठेपणी एकूण संख्या साधारण तीच राहते. शस्त्रक्रियेने भरपूर वजन उतरलेल्यांतही दोन वर्षांनी पेशींची संख्या घटली नव्हती, फक्त त्या लहान झाल्या होत्या. म्हणजे तुमच्या अंगात पेशी तेवढ्याच आहेत, अर्ध्या रिकाम्या. रिकाम्या पेशी लेप्टिन कमी सोडतात, आणि लेप्टिन कमी झालं की मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा घेतो. भूक वाढवतो, खर्च कमी करतो. त्या भुकेचं मूळ इथे आहे.

आणि २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या गटाने शस्त्रक्रियेआधी आणि सुमारे दोन वर्षांनी घेतलेले माणसांच्या चरबीचे नमुने तपासले. वजन बरंच उतरूनही अनेक जनुकांचं काम मूळ पदावर आलेलं नव्हतं. उंदरांच्या चरबीपेशींत तर डीएनएभोवतीच्या खुणाही लठ्ठपणाच्या काळातल्याच राहिल्या होत्या, आणि असे उंदीर पुन्हा मेदयुक्त अन्न मिळताच इतरांपेक्षा लवकर फुगले. या खुणा किती वर्षं टिकतात ते अजून कोणी मोजलेलं नाही. पेशी दरवर्षी १० टक्के बदलत असतील तर काळ हा तुमच्या बाजूचा घटक ठरू शकतो, पण हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

आमच्याकडे एकाच व्यक्तीचे असे दोन नमुने यायचे, आधीचा आणि नंतरचा. नंतरचा तुकडा कापताना कात्रीला वेगळा लागायचा, जरा चिवट. नळी फिरवून बाहेर काढली की वरचा मोकळ्या तेलाचा थर जवळजवळ दिसायचा नाही. पेशी न फुटता तरंगत असायच्या, आणि अ‍ॅड्रेनलिन दिल्यावर ग्लिसरॉलचा आकडा वर जायचा.

पारिजात

उत्तर जपून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी वेळ घेतली आहे. इन्सुलिन आणि लोहाचे जुने रिपोर्ट काढून ठेवले. तिथून आले की इथे लिहीन.

उमेश_द

लिहा नक्की. मीही माझा इन्सुलिनचा आकडा घेऊन परत येतो, तीन महिन्यांनी.